वर्ल्डकॉन : हजेरी आणि गैरहजेरी

वर्ल्डकॉन : (जागतिक विज्ञानकथा संमेलन). विज्ञानकथेच्या चाहत्यांनी बिनपगारी राबून दरवर्षी भरवलेले संमेलन. पहिले जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला भरले. सुमारे २०० जण आले. गैरहजेरीचा इतिहासही तिथूनच सुरू होतो. फ्रेडरिक पोल, डोनाल्ड वोल्हाइम, सिरिल कॉर्नब्लुथ आदी ‘फ्युचरियन्स’ गटातील सहा जणांना आयोजकांनी आत घेतले नाही. त्याच गटातील १९ वर्षांच्या आयझॅक ॲसिमॉव्ह यांना मात्र प्रवेश मिळाला.

जाण्याचे मुख्य कारण गोतावळा. पत्रे आणि हौशी नियतकालिके (फॅन्झीन) यांतून वर्षानुवर्षे भांडणारी माणसे इथे प्रथमच समोरासमोर येत. आजही परिसंवादांपेक्षा हॉटेलच्या खोल्यांतील रात्रीच्या बैठकींची ओढ अनेकांना अधिक असते. एकही व्याख्यान न ऐकता तृप्त मनाने परतणारे जुने सदस्य आहेत. व्यासपीठावरचे बहुतेक लेखकही सदस्यत्वाचे पैसे भरूनच आलेले असतात, त्यामुळे मानमरातबाचे अंतर कमी राहते. चित्रपटतारे पाहायचे असतील, तर चाहते सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनला जातात.

न जाण्याचे नेहमीचे कारण पैसा. सदस्यत्वापेक्षा विमानप्रवास आणि पाच दिवसांचे हॉटेल महाग पडते. यावर चाहत्यांचाच तोडगा आहे. १९५२ मध्ये अमेरिकी चाहत्यांनी वर्गणी काढून बेलफास्टच्या वॉल्ट विलिस यांना शिकागोच्या संमेलनाला आणले. त्यातून ट्रान्स-अटलांटिक फॅन फंड उभा राहिला. मन विटल्याने दूर होणाऱ्यांसाठी ‘गाफिया’ हा खास शब्द आहे. गंमत अशी, की मुळात तो रोजच्या जगातून पळून चाहत्यांच्या जगात शिरण्यासाठी होता. पुढे अर्थ नेमका उलटला.

तत्त्वासाठीचा नकार अलीकडे वाढला आहे. लैंगिक छळाविरुद्ध स्पष्ट नियम नसलेल्या संमेलनांना पाहुणा म्हणून जाणार नाही, असे लेखक जॉन स्काल्झी यांनी २०१३ मध्ये जाहीर केले. २०२३ च्या चीनमधील चेंगडू संमेलनावर यजमान देशामुळे काहींनी बहिष्कार घातला. लेखक हार्लन एलिसन यांनी मधला मार्ग काढला होता. स्त्रीपुरुष-समानतेच्या घटनादुरुस्तीला ॲरिझोनाने संमती दिली नव्हती, म्हणून १९७८ च्या फिनिक्स संमेलनाचे सन्माननीय पाहुणे असूनही ते मोटारघरात राहिले. त्या राज्यात पैसा खर्च करायचा नाही, हा पण. तिथे हजर राहून केलेला हा निषेध नुसत्या गैरहजेरीपेक्षा अधिक बोलका ठरला.

वर्ल्डकॉनचे वेगळेपण म्हणजे न येणाऱ्यालाही इथे अधिकार असतो. कमी शुल्काचे सदस्यत्व घेऊन घरबसल्या विज्ञानकथेच्या ह्यूगो पुरस्कारांसाठी (प्रथम १९५३, फिलाडेल्फिया) मत देता येते. २०२० मध्ये कोविडमुळे न्यूझीलंडचे संमेलन पूर्णपणे ऑनलाइन झाले. वेलिंग्टनला कोणीच गेले नाही. ह्यूगो मात्र ठरल्याप्रमाणे दिले गेले.