वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो

मराठीतील एक रूढ म्हण. समोरच्याला मान देऊन बोलावे की रोखठोक, याने परिणामात काहीच फरक पडणार नसेल, तर भीड बाळगण्यात अर्थ नाही, हा तिचा मुख्य अर्थ. त्यामुळे सावकार, साहेब किंवा पुढारी यांच्यापुढे स्पष्ट बोलून टाकण्याचे समर्थन म्हणून ती येते आणि पुष्कळदा पूर्वार्ध उच्चारूनच वाक्य सोडून दिले जाते. क्वचित ती निव्वळ हतबलताही सांगते. ‘इकडे आड, तिकडे विहीर’ हिच्याशी तिची गल्लत होते, परंतु तेथे संकटे दोन असतात, येथे संकट एकच असून त्याला हाक मारण्याच्या रीती तेवढ्या दोन आहेत.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत म्हणीतील ‘वाघोबा’ हा केवळ उपहासाचा शब्द नाही. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी समाजात वाघोबा हा देव असून, दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारसेला गुराखी गुरांच्या रक्षणासाठी त्याला नैवेद्य दाखवतात. म्हणजे जी विनवणी म्हण व्यर्थ ठरवते, तीच येथे श्रद्धेने केली जाते. पूर्वेकडील बागायती पट्ट्यात कुकडी व घोड नद्यांवरील धरणांमुळे ऊस वाढला आणि त्यात बिबट्या राहू लागला. बोलीत त्यालाही सर्रास वाघच म्हणतात. पकडलेले व जखमी बिबटे ठेवण्यासाठी जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट निवारण केंद्र आहे.