सळई पेटत नाही, मग लोखंडाची पावडर कशी पेटते?

टेंभुर्णीत एखाद्या बांधकामावर पडलेल्या सळईला काडी लावली, तर काहीच होणार नाही. आता दिवाळीतली फुलबाजी आठवा. तिच्या सोनेरी ठिणग्या लोखंडाच्या चुऱ्याच्या असतात आणि पांढरा लख्ख उजेड ॲल्युमिनियम पावडरचा. धातू बारीक केला की त्याचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते.

ही पावडर बनते कशी? दळून कमी, फवारून जास्त. वितळलेल्या धातूची बारीक धार सोडून तिच्यावर जोराचा मारा करतात. लोखंडाला बहुतेक वेळा पाण्याचा, ॲल्युमिनियमला हवेचा किंवा वायूचा. धारेचे थेंब उडतात आणि थिजून कण होतात. गेटला लावायच्या चंदेरी रंगासाठी हेच कण पोलादी गोळ्यांच्या फिरत्या ड्रममध्ये कुटून चपटे करतात.

लोखंडाची पावडर साच्यात दाबून सुमारे 1,120 अंश सेल्सिअसला भाजली की कण न वितळताच एकमेकांना चिकटतात. गाड्यांचे कितीतरी छोटे गिअर असे बनतात, आपल्याकडे पिंपरीतही. टेबल फॅनच्या बुशमध्ये तर मुद्दाम सूक्ष्म छिद्रं ठेवून तेल मुरवतात. पंखा फिरला की ते आपोआप पाझरतं. हलक्या एएसी ब्लॉकमध्ये ॲल्युमिनियम पावडर चुन्याच्या ओल्या मिश्रणात हायड्रोजनचे बुडबुडे तयार करते आणि मिश्रण चक्क ढोकळ्यासारखं फुगतं.

पण फुलबाजीत जे हातभर अंतरावर घडतं, ते बंद शेडमध्ये घडलं तर? 11 एप्रिल 2025 रोजी नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड एमआयडीसीत, ॲल्युमिनियम पावडर बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला. किमान 5 कामगारांचा जीव गेला.

अशा कारखान्यांत हवेत उडालेल्या पावडरच्या ढगाला एक ठिणगी पुरते. पहिल्या छोट्या स्फोटाने छताच्या तुळयांवर साचलेली धूळ खाली येते आणि दुसरा स्फोट त्याहून मोठा होतो. म्हणून तिथे कॉम्प्रेसरची हवा मारून झाडलोट करत नाहीत, यंत्रांना अर्थिंग लागतं आणि हत्यारंही ठिणगी न पाडणारी. आग लागलीच, तर बादलीकडे धावायचं नाही. जळत्या ॲल्युमिनियमवर पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो आणि आग आणखी भडकते. त्यावर कोरडी वाळू टाकतात, तीही हळूच, पावडर उडणार नाही अशी.