दहा डॉलर्सची पैज

मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे डॉक्टर, इंजिनियरच्या जोडीला हल्ली लॉ स्कूलचंही नाव ऐकू येतं. मग कुणीतरी हमखास विचारतं, "तिथे तीन वर्षं पेपर लिहून आणि प्रोजेक्ट करून नक्की होतं काय?" अशा वेळी मी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीतल्या एका पेपरची गोष्ट सांगतो.

हॉवर्ड ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची युनिव्हर्सिटी. तिचं लॉ स्कूल बरीच वर्षं संध्याकाळी भरायचं. १९२९ मध्ये हार्वर्डमध्ये शिकलेले चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्याची सूत्रं हाती घेतली आणि ते पूर्ण वेळ सुरू केलं. वकील हा समाजाची घडण बदलणारा इंजिनियर असला पाहिजे, असं ते बजावत. त्यांचा विद्यार्थी थर्गुड मार्शल १९३३ मध्ये पहिला आला. दोनच वर्षांनी या गुरु-शिष्यांनी मेरीलँडच्या लॉ स्कूलविरुद्ध खटला जिंकून एका कृष्णवर्णीय तरुणाला तिथे प्रवेश मिळवून दिला.

पण मोठी अडचण होती ती सुप्रीम कोर्टाच्या १८९६ च्या प्लेसी निकालाची. सोयी समान असतील तर गोरे-काळे वेगळे ठेवायला हरकत नाही, असं त्यात म्हटलं होतं. म्हणून वकील मंडळी 'समान'वर बोट ठेवत : दाखवा कुठे आहेत समान शाळा? एकेका खटल्यात जिंकताही येत होतं, पण मूळ नियम जागेवरच.

१९४१ मध्ये पॉली मरे हॉवर्डला आल्या. नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठाने वर्णामुळे त्यांना प्रवेश नाकारला होता. त्यांनी सत्याग्रहावरचं कृष्णलाल श्रीधराणींचं इंग्रजी पुस्तक वाचलेलं होतं. १९४३ मध्ये हॉवर्डच्या विद्यार्थ्यांनी काळ्यांना न वाढणाऱ्या कॅफेटेरियात ठाण मांडलं, त्याला कायद्याचा सल्ला मरेबाईंचा होता.

वर्गात त्यांनी मांडलं, की 'समान' सोडा, 'वेगळं' यावरच घाव घाला. वेगळं ठेवणं हाच माणसाला कमी लेखणारा अन्याय आहे. वर्ग हसला. तेव्हा त्यांनी प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलर्सची पैज लावली : पंचवीस वर्षांत प्लेसी उलटणार! १९४४ मध्ये शेवटच्या सेमिनारचा पेपरही याच विषयावर लिहिला.

पुढे ब्राउन खटल्याची तयारी सुरू झाली. रॉबिन्सन त्यातल्या वकिलांपैकी एक. त्यांनी तो विद्यार्थिनीचा पेपर बाहेर काढला आणि सहकाऱ्यांपुढे ठेवला. कोर्टात उभं राहण्याआधी मार्शल आणि मंडळी हॉवर्डमध्येच रंगीत तालीम करत. प्राध्यापक न्यायाधीश होऊन उलटे प्रश्न विचारत. १७ मे १९५४ रोजी नऊच्या नऊ न्यायाधीशांनी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. पैज दहाच वर्षांत जिंकली! पण आपल्या पेपरचा असा उपयोग झाला हे मरेबाईंना कळलं १९६३ मध्ये, स्वतः रॉबिन्सन यांच्याकडून.

एका पेपरने खटला जिंकला असं कुणी म्हणणार नाही. त्यामागे वकिलांची फौज होती आणि धोका पत्करून फिर्यादी झालेले आईबाप होते. पण हॉवर्डचे शिक्षक स्वतः खटले लढत होते, म्हणून वर्गातला विचार कोर्टापर्यंत पोचला. नाहीतर तो मार्क देऊन फायलीत बंद झाला असता.

पहिल्या आलेल्या मरेबाईंना हार्वर्डने पुढच्या शिक्षणासाठी नाकारलं, कारण त्या स्त्री होत्या. त्यांनी हाच युक्तिवाद मग स्त्रियांसाठी मांडला. १९७१ च्या रीड खटल्यात रूथ गिन्सबर्ग यांनी निवेदनावर त्यांचं नाव आवर्जून घातलं.

आपला संबंध काय, म्हणाल? १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला फक्त शंभर जागा होत्या. नागरी हक्कांच्या चळवळीने वातावरण बदललं आणि १९६५ मध्ये देशवार कोटा गेला. आपण बहुतेक त्याच दारातून आत आलो. आणि सेमिनारच्या पेपरची ताकद आपल्याला नवी नाही. बाबासाहेबांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध मे १९१६ मध्ये कोलंबियात असाच एका सेमिनारमध्ये वाचला होता.

तेव्हा घरातली लेक किंवा लेक लॉ स्कूलमधून फोन करून "पेपर लिहितोय, लिहितेय" म्हणाली, तर ग्रेडबरोबर एवढंही जरूर विचारा : विषय काय, आणि तो पुढे कुणाच्या उपयोगी पडणार?