घराचे अंतर्गत रंगकाम

घराचे अंतर्गत रंगकाम म्हणजे घराच्या आतील भिंती, छत, दारे, खिडक्या व लोखंडी जाळ्या यांवर संरक्षणासाठी आणि शोभेसाठी रंगाचे थर चढविण्याचे काम होय. हे काम करणाऱ्या कारागिरास मराठीत रंगारी म्हणतात. हा शब्द मुळात कापड रंगविणाऱ्यासही लावला जात असे. आज तो प्रामुख्याने भिंती रंगविणाऱ्याच्या अर्थाने रूढ आहे. घरमालकाच्या दृष्टीने रंगकाम म्हणजे रंगाची निवड आणि ब्रश. व्यावसायिक रंगाऱ्याच्या दृष्टीने मात्र रंग लावणे हा कामाचा शेवटचा व तुलनेने सोपा भाग असतो. त्याचा बहुतेक वेळ भिंत तपासण्यात, खरवडण्यात, भरण्यात आणि घासण्यात जातो. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील घरांत रूढ असलेल्या पद्धतीचे वर्णन केले आहे.

पूर्वपीठिका

मातीच्या भिंती शेणामातीने सारवून त्यांवर पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात देण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. कळीचा चुना पिंपात पाण्यात भिजवीत. तो उकळून शांत झाला की फडक्यातून गाळून घेत, त्यात चिकटपणासाठी डिंक किंवा सरस आणि पिवळेपणा झाकण्यासाठी थोडी नीळ मिसळीत. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच्या रूपात घट्ट होतो, म्हणून तो भिंतीशी एकजीव होतो आणि भिंतीतील वाफ बाहेर जाऊ देतो. रंगीत भिंत हवी असल्यास पिवडी, गेरू किंवा हिरमुंजी मिसळली जाई.

पुढे खडूची भुकटी व सरस यांपासून केलेले कोरडे डिस्टेंपर आले. ते स्वस्त होते, परंतु भिंतीला टेकले की रंग कपड्यांना लागे. ही तक्रार तेलमिश्रित डिस्टेंपरने बरीच कमी केली. शाळा, दवाखाने व चाळींचे जिने येथे भिंतीचा खालचा सुमारे चार-पाच फुटांचा भाग तेलरंगाने रंगवून वर पांढरा हात देण्याची रीत अनेक दशके टिकली. त्या दोन रंगांच्या सीमेवरील काळी किंवा तपकिरी रेघ एका दमात सरळ ओढणे ही रंगाऱ्याच्या हाताची कसोटी मानली जाई. मुंबईत १९४२ साली सुरू झालेल्या एशियन पेंट्स या कंपनीसाठी व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढलेला, हातात ब्रश घेतलेला 'गट्टू' हा खोडकर मुलगा याच काळात घरोघरी परिचित झाला. आता आतील भिंतींसाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक इमल्शन, ज्याला बोलीत नुसते 'प्लास्टिक' म्हणतात, सर्वाधिक रूढ आहे.

भिंतीची पाहणी

अनुभवी रंगारी दर सांगण्यापूर्वी भिंतीला हात लावतो. तळहात भिंतीवरून फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली, तर खाली चुना किंवा कोरडे डिस्टेंपर आहे असे समजतात. अशा भिंतीवर थेट लांबी भरल्यास ती चुन्याला चिकटते, भिंतीला नाही. आणि काही महिन्यांनी संपूर्ण थर चुन्यासह सुटतो. म्हणून जुना चुना पूर्णपणे खरवडणे अपरिहार्य असते. जुन्या रंगाची पकड पाहण्यासाठी चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढून पाहतात. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर तो रंग काढावा लागतो. बोटाच्या पेराने ठोकून पोकळ आवाज येत असेल, तर दोष रंगाचा नसून गिलाव्याचा आहे आणि तो भाग गवंड्याकडून फोडून पुन्हा करून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील अनेक जुन्या इमारतींत गिलाव्यावर नीरूचा, म्हणजे बारीक गाळलेल्या भिजवलेल्या चुन्याचा, गुळगुळीत थर दिलेला आढळतो. नीरू आणि नवा सिमेंटचा गिलावा दोन्ही क्षारधर्मी असतात. त्यांवर घाईने तेलरंग दिला, तर रंगातील तेलाचे साबणात रूपांतर होऊन रंग चिकट व मऊ पडतो. नवा गिलावा किमान चार आठवडे सुकू द्यावा, हा नियम यासाठीच आहे. नव्या घराला पहिल्या वर्षी केवळ प्रायमर व साधा हात देऊन एक पावसाळा जाऊ द्यावा आणि मग खरा रंग करावा, असा सल्ला जुने रंगारी देतात. तो घरमालकास क्वचितच आवडतो, पण योग्य असतो.

ओल

रंगकाम फसण्याचे सर्वांत मोठे कारण ओल हे आहे. पोपडे, फुगे, बुरशीचे काळे ठिपके आणि लोणा, अर्थात भिंतीतून बाहेर येणारे पांढरे क्षार, ही तिची लक्षणे होत. ओल भिंतीतून येते की खोलीतील दमट हवेतून, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. दीड फूट चौरसाचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला हवाबंद लावून एक दिवस ठेवतात. कागदाच्या भिंतीकडील बाजूस पाणी साचले तर ओल भिंतीतील आहे. बाहेरील बाजूस साचले तर दोष खोलीतील हवा न खेळण्याचा आहे.

भिंतीतील ओलीचा उगम बहुधा दुसरीकडेच असतो: पलीकडच्या न्हाणीघरातील फुटलेली फरशी किंवा गळका नळ, बाहेरच्या भिंतीला गेलेला तडा, गच्ची, अथवा पायातून चढणारे पाणी. बाजारात ओल रोखणारी अनेक द्रावणे मिळतात. परंतु पाण्याचा मार्ग बंद न करता आतून लावलेले द्रावण ओल थांबवत नाही, तिची जागा फक्त बदलते. ओला कोपरा रंगवून देण्यास नकार देणारा रंगारी महाग वाटतो. प्रत्यक्षात त्याने मालकाचे पैसे वाचवलेले असतात.

याच संदर्भात हंगामाचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात रंगकामाची सर्वाधिक मागणी गणेशोत्सवापूर्वी आणि नवरात्र ते दिवाळी या काळात असते. नेमक्या याच दिवसांत भिंतींनी पावसाळाभर शोषलेले पाणी पूर्णपणे बाहेर पडलेले नसते. कोकणात व घाटमाथ्यावर ही अडचण अधिक तीव्र असते. रंगासाठी खरा अनुकूल काळ दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंतचा होय. सणासाठी घाईने केलेल्या रंगाला होळीच्या आसपास फुगे येतात, तेव्हा दोष रंगाऱ्याला आणि कंपनीला दिला जातो. पंचांगाला कोणी देत नाही.

पृष्ठभागाची तयारी

काम सुरू होण्यापूर्वी सामान खोलीच्या मध्यभागी आणून झाकतात, खिळे काढतात, पंखे व स्विचबोर्ड झाकून त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करतात. बुरशी असल्यास ती आधी धुऊन मारावी लागते, कारण रंगाखाली ती वाढतच राहते. त्यानंतर सैल रंग पत्र्याने खरवडतात. केसासारख्या भेगा तशाच भरल्यास लांबी आत शिरत नाही. म्हणून पत्र्याच्या कोपऱ्याने भेग इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी रुंद करून मगच भरतात. खांब-तुळई आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरील भेग मात्र कितीही भरली तरी पुन्हा उघडते, कारण दोन्ही भाग उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. तेथे जाळीची पट्टी किंवा लवचीक भरणद्रव्य वापरतात.

भिंत समतल करण्यासाठी जे भरणद्रव्य वापरतात त्यास रंगारी 'लांबी' म्हणतात. पूर्वी ती खडूची भुकटी, तेलरंग किंवा वॉर्निश व पाणी यांपासून कामाच्या जागीच मळली जाई. आता पांढऱ्या सिमेंटची किंवा ॲक्रिलिक पुट्टी तयार मिळते. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीसाठी भिंत आधी पाण्याने भिजवावी लागते. कोरडी भिंत पुट्टीतील पाणी ओढून घेते आणि सिमेंट घट्ट न होता त्याची भुकटी राहते. पुट्टी दोन पातळ हातांत देतात. एकूण जाडी सुमारे दीड मिलिमीटरच्या पुढे नेऊ नये. मोठे खळगे पुट्टीने नव्हे, गिलाव्याने भरायचे असतात. दोन्ही हात सुकल्यावर भिंत पॉलिश पेपरने घासतात. आधी जाडसर आणि नंतर १८० ते ३२० क्रमांकाचा बारीक कागद वापरतात.

घासणे पुरे झाले की नाही, हे दिवसाच्या उजेडात नीट कळत नाही. त्यासाठी रंगारी भिंतीला लगटून दिवा धरतो. तिरप्या प्रकाशात प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि पत्र्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. चांगल्या व सामान्य रंगाऱ्यातील फरक बहुधा या एका दिव्याचा असतो. धूळ कोरड्या फडक्याने झाडल्यानंतर प्रायमरचा हात देतात. प्रायमरमुळे भिंतीचे शोषण सर्वत्र सारखे होते. तो वगळल्यास पुट्टी भरलेले ठिगळ रंगाखालूनही वेगळे दिसते.

रंग लावण्याचा क्रम

काम वरून खाली चालते: आधी छत, मग भिंती, नंतर दारे-खिडक्या आणि शेवटी लोखंडी जाळ्या. छतावरून उडणारे थेंब खालच्या पूर्ण झालेल्या कामावर पडू नयेत, हे त्यामागील साधे कारण आहे. एका छटेचे अनेक डबे असतील तर ते मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळतात, कारण यंत्रावर मिसळलेल्या दोन डब्यांतही सूक्ष्म फरक राहू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर उघड होतो. इमल्शनमध्ये पाणी किती घालावे ते डब्यावर छापलेले असते.

प्रथम कोपरे, छताची कड व स्विचबोर्डाभोवतीचा भाग ब्रशने भरून घेतात. यास 'कटिंग' म्हणतात. कड ओली असतानाच रोलर तिच्यापर्यंत आणावा लागतो, अन्यथा चौकटीसारखा पट्टा दिसतो. त्याच कारणाने एक भिंत अर्ध्यावर सोडून जेवणास जाऊ नये, असा संकेत आहे. दोन हातांमध्ये साधारणतः चार तासांचे अंतर ठेवतात. दमट हवेत अधिक. पहिल्या हातानंतर राहिलेल्या बारीक उणिवा पुन्हा भरून, घासून, मग अंतिम हात देतात. गडद लाल व पिवळ्या छटांची झाकण्याची शक्ती कमी असल्याने त्यांना तिसरा हात लागू शकतो.

चकाकी जितकी अधिक, तितके भिंतीचे दोष अधिक दिसतात. म्हणून असमान भिंतीस मॅट रंग आणि धुण्याची गरज असलेल्या स्वयंपाकघरास किंचित चकाकीचा रंग सुचवतात. छटापत्रिकेवरील इंचभर चौकोन आणि संपूर्ण भिंत यांत छटा वेगळी भासते, बहुधा अधिक गडद. यासाठी भिंतीवर दोन-तीन फुटांचा नमुना देऊन तो दिवसा आणि रात्री दिव्याच्या प्रकाशात पाहणे इष्ट.

मोजमाप व ठेका

काम केवळ मजुरीवर किंवा मालासह अशा दोन प्रकारे ठरते आणि दर चौरस फुटावर असतो. छतासह रंगवायचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या सुमारे साडेतीनपट धरण्याचा ढोबळ ठोकताळा प्रचलित आहे. परंतु उंच छत किंवा पुष्कळ खिडक्या असल्यास तो फसतो, म्हणून प्रत्यक्ष मोजणी करणे हितावह. दारे-खिडक्यांची वजावट कशी करायची, हे आधी ठरले नाही तर तंटा होतो. एक लिटर इमल्शन दोन हातांसाठी साधारणतः १२० ते १५० चौरस फुटांस पुरते. यावरून डब्यांची संख्या पडताळता येते. अनेक कंपन्या डब्यात रंगाऱ्यासाठी बक्षिसाचे कूपन ठेवतात. रंगारी एखाद्या विशिष्ट कंपनीचा आग्रह का धरतो, याचे उत्तर काही वेळा त्यात असते.

आरोग्य व सुरक्षितता

जुन्या तेलरंगांत शिसे असण्याचा संभव मोठा आहे. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षास ९० भाग इतके मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वी रंगविलेली दारे, खिडक्या व भिंतीचे तेलरंगाचे पट्टे कोरडे घासल्यास शिशाची धूळ उडते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ती घातक असून गर्भवती स्त्रियांनाही तिचा धोका असतो. असा रंग ओला करून घासावा, स्टोव्हच्या ज्योतीने जाळून काढू नये, खपल्या गोळा करून बंद पिशवीत ठेवाव्यात आणि काम चालू असताना मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. धूळ झाडूने लोटण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

सर्वाधिक धोका अर्थातच रंगाऱ्याला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने रंगाऱ्याच्या व्यवसायातील संसर्गास १९८९ मध्येच मानवास कर्करोगकारक अशा पहिल्या गटात स्थान दिले आहे. फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आढळला आहे. तरीही नाकावर रुमाल बांधून दिवसभर पुट्टी घासणारे कामगार सर्वत्र दिसतात. रुमाल बारीक धूळ अडवत नाही. त्यासाठी योग्य प्रतीचा मुखवटा लागतो आणि त्याची किंमत संपूर्ण कामाच्या खर्चात नगण्य असते. दोन स्टुलांवर फळी टाकून केलेल्या डगमगत्या घोड्यावरून पडणे हाही नेहमीचा अपघात आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या व्याख्येत इमारतींची दुरुस्ती व देखभाल यांचा अंतर्भाव होता आणि मागील वर्षात ९० दिवस असे काम केलेल्या १८ ते ६० वयोगटातील कामगारास कल्याण मंडळाकडे नोंदणीची सोय त्याने केली.

काम संपल्यानंतर

उरलेला रंग घट्ट झाकून, डब्यावर छटेचा क्रमांक, खोली व तारीख लिहून ठेवतात. पुढे एखादा डाग झाकावयाचा असल्यास तोच उपयोगी पडतो. टर्पेंटाइनने ओली झालेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण ती पेट घेऊ शकतात. इमल्शन हाताला काही तासांत सुकलेले लागले, तरी पूर्ण घट्ट होण्यास तीन ते चार आठवडे घेते. तोपर्यंत भिंत धुऊ वा घासू नये.