गवई आणि तबकडी

आपली गुरव ज्ञाती पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे वाजवीत आली. सनई, संबळ, पखवाज ही वाद्ये आपल्या घरांतून शिकविली गेली आणि त्या सेवेचे मोल इनामाच्या जमिनीत व शिध्यात मिळाले; ऐकणाराकडे पैसे मागण्याचा प्रश्नच नव्हता. आज पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांच्या सावलीत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना एका साच्यातून हजारो नग काढण्याची रीत परिचयाची आहे. गाण्याचाही असा नग होतो हे प्रथम कळले, तेव्हा थोर गवयांनी काय केले, ते आम्ही येथे सांगू इच्छितो.

१९०२ च्या नोव्हेंबरात गाइसबर्ग नामक साहेबाने कलकत्त्यास गोहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. जो गवई एक राग तासभर आळवी, त्याने तो तेवढ्यात कसा मांडावा? गाणे संपताच गोहरजान आपले नाव मोठ्याने सांगे. कारण मूळ मुद्रण जर्मनीस जाई व गाणारे कोण, हे तेथील कामगारास कळावे लागे. माल म्हटला की शिक्का आलाच!

अल्लादियाखाँसाहेबांनी (१८५५-१९४६) तबकडी दिलीच नाही. त्यांना कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा आश्रय होता, म्हणून नकार परवडला, असे कोणी म्हणेल. परंतु १९२२ साली महाराज गेले, खाँसाहेब पुढे मुंबईस राहिले, तरी निश्चय ढळला नाही. तबकडी ऐकून कोणीही आपली गायकी उचलील, ही धास्ती त्या काळच्या पुष्कळ उस्तादांना होती. आम्हांस ती क्षुद्र वाटत नाही. गवयाची इस्टेट ती एवढीच.

अब्दुल करीमखाँसाहेबांचा मार्ग निराळा. आर्य संगीत विद्यालयाचा संसार त्यांना तिकिटाच्या जलशांवर चालवावा लागे. ऐकणारांनी पैसे देण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांनी तबकड्याही दिल्या. त्यांची झिंझोटीतील ठुमरी एका दुकानात वाजत असता गदगच्या एका मुलाने ऐकली आणि तो गुरूच्या शोधार्थ घर सोडून गेला. तेच पुढे पंडित भीमसेन जोशी.

हळहळ वाटते ती भास्करबुवा बखल्यांची. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली त्यांच्या. त्यांचे शिष्य बालगंधर्व यांच्या तबकड्यांनी नाट्यसंगीत घरोघर नेले. बुवा मात्र १९२२ साली वारले आणि त्यांचा आवाज मागे कोठेच उरला नाही. चाली राहिल्या, गळा गेला.

अल्लादियाखाँच्याच शिष्या केसरबाई केरकर यांनी तबकड्या दिल्या. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली, त्यांतील सुवर्णतबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. गुरूने जी गायकी यंत्रापासून जपली, ती शिष्येच्या कंठातून सूर्यमालेपलीकडे गेली.

आपल्या ज्ञातीतील देवळांतल्या वाजंत्र्यांकडे कोणती कंपनी फिरकणार? तरी कोणा घरी वडिलांच्या सनईची वा पखवाजाची जुनी फीत असल्यास, ती आम्हांस दाखवावी. प्रत करवून मूळ फीत परत करू.