बैलगाडीचे एरंडेल, गिअरबॉक्सचे लाल तेल

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्ससाठी अमुकच तेल लागते असे मेकॅनिकने सांगितले, की नांदेड-लातूरकडे गाडीवाल्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. हे कंपन्यांचे धंदे, पूर्वी एकच तेल सगळ्याला चालायचे. तेलाच्या निवडीची कटकट ऑटोमॅटिक गाड्यांनी आणली, असा या बोलण्याचा रोख आहे. इतिहास मात्र तसे सांगत नाही. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. त्याआधी तिथला कापूस आणि गळिताचे धान्य बैलगाड्यांनीच बाहेर जायचे आणि गाडीच्या आखाला एरंडेलाचे वंगण घातले जायचे. घरात करडईचे तेल असताना आखाला एरंडेल का? कारण ते दाट असते, धातूला धरून राहते आणि भाराखाली सहज पिळून निघत नाही. हैदराबाद संस्थानात एरंडी मुबलक पिके, हा सोयीचा भाग झाला. निवड गुणावरच होती. इंग्लंडमध्ये वेकफिल्ड कंपनीने १९०९ साली मोटारींच्या आणि विमानांच्या इंजिनांसाठी एरंडेल मिसळलेले तेल काढले आणि त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिले, तेही याच गुणापायी. तापल्यावर एरंडेल चिकट होऊन बसते हा त्याचा दोष. आख वेळोवेळी पुसून नवे वंगण भरावे लागे, म्हणजे तेल बदलण्याचे कामही तेव्हापासूनचेच.

मग ‘एकच तेल’ ही समजूत आली कुठून? माझ्या मते ती मोटारींच्या मधल्या काळातली आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्तेवाहतूक सुरू केली आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर इथल्या रस्त्यांवर एसटीचा काळ सुरू झाला. या व्यवस्थेत तेल ठरवण्याचे काम गाडी हाकणाऱ्याच्या बोटांकडून डेपोच्या स्टोअरकडे गेले. इंजिनात इंजिन ऑईल, गिअरबॉक्समध्ये आणि डिफरन्शियलमध्ये नव्वद नंबर, उरलेल्या जागी ग्रीस, एवढ्यावर ट्रकपासून जीपपर्यंत सगळे भागत असे. हाताने बदलायच्या गिअरला तेलाकडून मुख्यतः एकच गोष्ट हवी असते, दातांमध्ये तेलाचा थर टिकला पाहिजे. त्यामुळे थोडी चूक खपून जायची.

ऑटोमॅटिकमध्ये तेलाचे कामच बदलले. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीत हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स दिला. त्यात इंजिनाची ताकद तेलातूनच पुढे जाते, तेलाच्या दाबाने गिअर पडतात आणि क्लचच्या पट्ट्या तेलात बुडूनच एकमेकींना पकडतात. पट्टी क्षणभर घसरली पाहिजे आणि मग घट्ट धरली पाहिजे. ही घसरण मोजूनमापून द्यावी लागते. १९४९ साली जनरल मोटर्सने या तेलासाठी ‘टाइप ए’ हे पहिले मानक ठरवले. पुढे फोर्डने ‘टाइप एफ’ काढले. त्यात पकड जास्त, म्हणून एकाच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्याचे तेल घातले तर गिअर झटक्याने पडत किंवा घसरत. सुरुवातीच्या या तेलांत स्पर्म व्हेलचे तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्या व्हेलला संरक्षण दिल्यावर रसायनतज्ज्ञांना तोच गुण दुसऱ्या द्रव्यांतून उभा करावा लागला. मानक हे निव्वळ दुकानदारी असते तर हा खटाटोप कुणी केला नसता. (व्यापारी डाव त्यात नसतोच, असे नाही. डब्यावरच्या नावाची किंमत वेगळी लागतेच.)

ऑटोमॅटिकचे हे लाल रंगाचे तेल आपल्याकडे ऑटोमॅटिक कारच्या आधी ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगमधून ओळखीचे झाले. तिथे क्लच नसतो, म्हणून मानक थोडे इकडेतिकडे झाले तरी लगेच बिघडत नाही. ‘लाल ते लाल’ ही सवय तिथेच लागली असावी. रंग तर गळती चटकन ओळखू यावी म्हणून घातलेला असतो, त्यावरून मानक कळत नाही. त्यात २०१४ च्या सेलेरिओपासून आलेल्या एएमटी गाड्यांनाही लोक ऑटोमॅटिकच म्हणतात, पण आत गिअरबॉक्स नेहमीचा असतो आणि त्याला गिअर ऑईलच लागते. सीव्हीटी जातीच्या गिअरबॉक्सला त्याचे वेगळे तेल. तेव्हा डबा उचलण्याआधी गिअरबॉक्स कोणत्या जातीचा आहे हे विचारले पाहिजे आणि उत्तर गाडीच्या पुस्तकात बघितले पाहिजे.

तेल बदलण्यावर दोन आक्षेप उरतात. पहिला, काही कंपन्याच म्हणतात की हे तेल आयुष्यभर चालते. पण कुणाच्या आयुष्याचा हिशेब? तापमान दहा अंशांनी वाढले की तेल सडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो आणि मेच्या उन्हात ऐन गर्दीत रांगणाऱ्या गाडीच्या तेलाला थंड व्हायला वाव कमी मिळतो. दुसरा आक्षेप अनुभवी मेकॅनिकांचा आहे: जुने तेल काढले की गिअरबॉक्स बसतो. यात तथ्य आहे. झिजलेल्या पट्ट्यांचा चुरा तेलात तरंगून थोडी पकड देत असतो, तो निघून गेला की आधीच झालेली झीज उघडी पडते. मात्र हा तेल उशिरा बदलल्याचा परिणाम आहे. ज्या गाडीला आधीच झटके बसत आहेत, तिला मशीनच्या दाबाने धुण्यापेक्षा खालचा बोल्ट उघडून निघेल तेवढे तेल काढावे आणि तेवढेच भरावे. ज्यातून इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते त्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेच तेल मागे राहते, म्हणून काही दिवस चालवून पुन्हा एकदा तसेच करावे. पातळी गाडी सपाट जागी उभी करून पुस्तकात दिलेल्या तापमानाला बघावी, कारण गार तेलावर बरोबर दिसलेली पातळी तापल्यावर जास्त भरते.