कांगारू मदर केअर म्हणजे काय? कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी का ठेवतात?

बाळ दीड किलोचं. हातापायाच्या काड्या, कातडी पातळ, रडण्याचा आवाजही क्षीण. असं बाळ जन्मलं की घरच्यांना वाटतं, याला आता काचेच्या पेटीतच ठेवायला हवं. आणि नर्स येऊन सांगते, ‘‘बाळाचे कपडे काढा आणि आईच्या छातीशी ठेवा.’’ अनेक घरांत आजी लगेच विरोध करते. एवढ्या नाजूक जिवाला उघडं करायचं? थंडी वाजेल ना!

पण थंडी वाजू नये म्हणूनच हे करायचं असतं. या पद्धतीला कांगारू मदर केअर किंवा कांगारू मातृ संगोपन म्हणतात. त्यात औषध नाही, इंजेक्शन नाही, यंत्रही नाही.

सुरुवात कुठे झाली?

१९७८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, बोगोटा शहरात. तिथल्या एका मोठ्या सरकारी प्रसूती रुग्णालयात इन्क्युबेटर कमी आणि बाळं जास्त अशी स्थिती होती. एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई. आई आणि बाळ अनेक दिवस वेगळे राहत आणि काही बाळं तर रुग्णालयातच सोडून दिली जात.

डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी यावर उपाय म्हणून बाळांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी पुढे हे काम वाढवलं. कांगारूचं पिल्लू अपुऱ्या वाढीचं जन्मतं आणि आईच्या पिशवीत राहून मोठं होतं, त्यावरून हे नाव पडलं.

कमी वजनाचं बाळ गार का पडतं?

जन्मतः वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ते कमी वजनाचं बाळ आणि ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलं तर अपुऱ्या दिवसांचं बाळ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, भारतात वजन केलेल्या नवजात बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती.

अशा बाळाच्या कातडीखाली चरबी फार थोडी असते. वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे उष्णता झपाट्याने निघून जाते. मोठ्या माणसासारखं थरथरून ऊब निर्माण करणं त्याला जमत नाही. बाळ गार पडलं की दूध ओढण्याची ताकद कमी होते, रक्तातील साखर उतरते आणि श्वास मंदावू शकतो.

आईच्या छातीशी असलेल्या बाळाला मात्र सतत ऊब मिळत राहते. ते स्तनाजवळ असल्यामुळे दूध पिणं सोपं जातं आणि स्पर्शामुळे आईला पान्हाही चांगला फुटतो.

कसं ठेवायचं?

पहिल्यांदा नर्सच्या देखरेखीखाली शिकून घ्यावं. पद्धत साधारण अशी असते:

- बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालावेत. आईने समोरून उघडणारा ब्लाउज किंवा गाऊन घालावा.
- बाळाला दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, छातीला छाती लावून ठेवावं.
- डोकं एका बाजूला वळवून किंचित वर ठेवावं. मान पुढे वाकली तर श्वास अडतो, म्हणून नाक आणि तोंड कायम मोकळं दिसलं पाहिजे.
- पाय बेडकासारखे दुमडलेले, हातही दुमडलेले.
- मऊ सुती कापडाने किंवा ओढणीने बाळाला आईशी बांधावं आणि वरून पांघरूण घ्यावं.
- आईने पूर्ण आडवं न होता, पाठीला उशा लावून रेलून बसावं. बाळ नीट बांधलेलं असेल तर ती चालू-फिरूही शकते.

एका वेळी निदान तासभर तरी ठेवावं. वारंवार काढ-घाल केली तर बाळाला त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीनुसार दिवसातून ८ ते २४ तास, म्हणजे जमेल तितका जास्त वेळ ही काळजी द्यावी.

एकट्या आईला एवढा वेळ जमणं कठीण. तिला आंघोळ, जेवण, झोप हवी. अशा वेळी वडील, आजी, मावशी, आत्या यांपैकी कोणीही निरोगी आणि स्वच्छ व्यक्ती बाळाला छातीशी घेऊ शकते.

बाळाचं वजन अडीच किलोच्या आसपास आलं की ते स्वतःच चुळबुळ करून बाहेर येऊ पाहतं. तेव्हा हळूहळू बंद करावं.

याने खरंच जीव वाचतात का?

हरियाणात घरी दिलेल्या कांगारू केअरचा अभ्यास झाला. त्यात ८ हजारांहून अधिक बाळं होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या कुटुंबांना ही पद्धत शिकवली, त्यांच्या बाळांचे पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले.

पूर्वी बाळाची तब्येत स्थिर झाल्यावरच कांगारू केअर सुरू करत. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवून पाहिलं. नेहमीच्या पद्धतीत पहिल्या २८ दिवसांत १५.७ टक्के बाळं दगावली, तर या गटात १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. ज्या बाळाला व्हेंटिलेटर लागतो किंवा जे शॉकमध्ये आहे, त्याच्याबाबत निर्णय डॉक्टरच घेतात.

दुधाचं काय?

फार लहान बाळाला ओढून पिता येत नाही. मग आईचं दूध काढून वाटी-चमच्याने पाजतात. आईला दूध कमी असेल तर काही रुग्णालयांत मानवी दूधपेढीची मदत होते. आशियातील पहिली अशी दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. मध, गुटी, साखरेचं पाणी देऊ नये.

घरी गेल्यावर

खरी कसोटी इथे लागते. रुग्णालयात नर्स असते, घरी प्रत्येकाचा सल्ला वेगळा. शेगडीच्या धुराने बाळाच्या श्वासाला त्रास होतो. कानात-नाकात तेल घालू नये. आंघोळीची घाई करू नये, डॉक्टर सांगेपर्यंत कोमट ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडं करावं. म्हणूनच चांगली नर्स आईसोबत आजीलाही समोर बसवून समजावते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच महिलांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची सेवा सुरू केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्या कामात औषधोपचारही होते, पण ऊब, स्तनपान आणि आईला दिलेलं शिक्षण हा त्याचा मोठा भाग होता. आज आशा कार्यकर्ती बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या भेटी देते, त्यामागे हाच अनुभव आहे.

बाळाची ऊब हाताने तपासता येते. पोट आणि तळपाय दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार पण तळपाय गार असतील तर बाळाला लगेच छातीशी घ्यावं. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच रुग्णालय गाठावं.

ताबडतोब दवाखाना कधी?

- बाळ दूध पिणं बंद करतं किंवा सुस्त पडतं
- श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त, किंवा छाती आत ओढली जाते
- अंग तापतं, किंवा ऊब देऊनही गारच राहतं
- झटके येतात
- तळहात, तळपाय पिवळे दिसतात
- ओठ निळे पडतात किंवा श्वास मध्येच थांबतो

यापैकी एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ क्रमांक आहे. वाटेतही बाळ कोणाच्या तरी छातीशीच असावं.